रस्त्यापलीकडचा चेहरा

नव्या महागड्या फोनभोवती दुकानात घोळका जमला होता. मीही त्यात होतो.

"मागच्या वर्षीचाच आहे, रंग तेवढा बदललाय," एकजण म्हणाला.

"अरे, झूम तर बघ," म्हणत दुसऱ्याने फोन रस्त्यापलीकडे रोखला. तिथे पायरीवर माझी आई बसली होती. अशा काचेच्या दारांच्या दुकानात यायला ती संकोचते.

तिच्या चेहऱ्याने पडदा भरला. "म्हातारीची एकेक सुरकुती दिसतेय. बुबुळं बघ, दोन्ही पांढरी पडलीत." सगळे कॅमेऱ्याचं कौतुक करू लागले. ती माझी आई आहे, हे मला सांगता आलं नाही.

गोधड्या शिवून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. हल्ली ती शिवायला बसत नाही. आता आराम करते, असं मी समाधानाने लोकांना सांगत असे. रोज समोर असणारं माणूस आपण शेवटचं कधी नीट पाहिलं, हे आठवूही नये इतकं ते सवयीचं होऊन जातं.

फोन न घेताच मी रस्ता ओलांडला आणि तिच्यापुढे उभा राहिलो. ती अजूनही दुकानाकडेच बघत होती.

"आई," मी म्हणालो.

"आलास का?" ती हसली. उठायला तिने हात पुढे केला, तो माझ्या हातापासून वीतभर बाजूला.