मोरया कापायचा नाय

आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करणारा तो माणूस आत कुणी खोकलं तरी डोळे वटारायचा. बोलणं तुटक. काम झालं तरी 'झालं' म्हणायचा नाही, 'बघू' म्हणायचा. मात्र माइक चालू केले की आधी बाप्पाचा गजर हवाच. मुख्य गाणाऱ्या बुवांनी हाक द्यायची, आम्ही सगळ्यांनी ओ द्यायची.

"हा नंतर काप रे," मी झांजा सावरत म्हणायचो.

"मोरया कापायचा नाय."

संपात गिरणीतली नोकरी गेली तरी बुवांचा आवाज राहिला होता. पुढे घशाच्या ऑपरेशनमध्ये तोही गेला. त्यांचं शेवटचं भजन अर्धवट मिक्स होऊन पडलेलं, तेवढ्यात रेकॉर्डिंग व्हायचं तो परळचा स्टुडिओ बंद झाला. त्या रेकॉर्डिंगवाल्याने सगळ्या फायली लालबागला स्वतःच्या घरी आणल्या आणि स्वतःच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. प्रत्येक माइकचा आवाज भलत्याच जागी सुरू होत होता. पखवाज पुढे पळत होता, झांजा मागे राहिल्या होत्या.

"आता काय?" मी विचारलं. बुवा शेजारीच बसले होते, मागे मंडळातले बाकीचे.

"बघू."

गजर मात्र प्रत्येक माइकमध्ये शिरला होता. त्याने एकेक ट्रॅक सरकवत सगळे मोरया एकाखाली एक आणले आणि प्ले दाबलं.

"गणपती बाप्पा..." स्पीकरमधून बुवांचा खणखणीत आवाज आला.

रेकॉर्डिंगमधले आम्ही ओ द्यायच्या आत खोलीतले आम्ही ओरडलो, आणि सगळ्यांत मोठ्याने तो. बुवांनी मांडीवर ठेका धरला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

भजन संपलं तेव्हा तो म्हणाला, "झालं."