पास केलेली वायर

आमचे धाकटे दीर कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची आणि खोट सापडली नाही तर नाइलाजाने पास केल्याचा लाल ठिपका द्यायचा, याचा त्यांना पगार मिळे. निवृत्तीनंतर पगार थांबला, खोड नाही. घरातले कुकर, कुलपं, चष्म्याच्या काड्या, सगळ्यांवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके. बायको तेवढी कायमची नापास.

तिला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, हल्ली कमी ऐकू येतं. म्हणून दिरांनी हौसेने काडेपेटीएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणून त्याला दिवा जोडला. दाराची बेल वाजली की दिवा लुकलुकणार. लुकलुकायचा, पण एकदाच. धाकटी पाठमोरी असली की कारभार आटोपला. परवा त्यांची लेक बेल दाबून दाबून दाराबाहेर ताटकळली आणि भडकली. "बाबा, शनिवारपर्यंत हा दिवा धड करा, नाहीतर आईला मी घेऊन जाते."

शनिवारी मी गेले तर धाकटीची बॅग भरलेली आणि दीर लॅपटॉपवर खेकसताहेत. दिवा बराच वेळ लुकलुकत राहावा म्हणून बोर्डात नवा प्रोग्राम भरायचा होता. लॅपटॉपची वायर बोर्डाला जोडली की त्यावरचा लाइट लागे, पण लॅपटॉपला बोर्ड दिसेचना.

"हिने ओलं फडकं मारलं असणार."

"मी हात लावलेला नाही," धाकटी म्हणाली.

"मग काय भुताने बिघडवला?"

लॅपटॉप बंद-चालू करून झाला, कसलासा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला. दुकानदाराला फोनवर चोर म्हणून झालं. अधूनमधून ओलं फडकं चालूच.

"भाऊजी, वायर बदलून बघा."

"वायर पास आहे."

"कोणी केली पास?"

"मी!"

असली उत्तरं ऐकली की माझं डोकं फिरतं. मी वायर उपटली आणि खिडकीपाशी नेऊन तिचं लॅपटॉपकडचं टोक पाहिलं. बाहेरचा ठिपका हाताळून पुसला जातो, म्हणून या गृहस्थांनी तो टोकाच्या पत्र्याच्या आत दिला होता. आतल्या चार पट्ट्यांपैकी मधल्या दोन लालभडक.

दिरांनी वायर हातात घेतली. आवाज खाली आला. "कडेच्या दोन विजेच्या. मधल्या दोनांतून लॅपटॉप बोर्डाशी बोलतो."

"तोंडच रंगवलंत की त्याचं."

धाकटीने नेलपॉलिश काढायचं औषध आणि कापूस आणून आपटला. पट्ट्या पुसल्या, वाळू दिल्या, आणि लॅपटॉपला बोर्ड लगेच दिसला. प्रोग्राम बोर्डात भरला गेला. तेवढ्यात लेकीने बेल वाजवली आणि दिवा लुकलुकतच राहिला.

"झालं की! मग राहू दे आईला," लेक म्हणाली.

धाकटीने बॅग उचलली. "दिव्यासाठी नाही जात मी. सकाळपासून ओलं फडकं, ओलं फडकं. आता बोला की काहीतरी."

दीर वायरीकडे बघत म्हणाले, "नेलपॉलिशच हलक्या प्रतीचं."

"ऐकू आलं," धाकटी म्हणाली आणि लेकीबरोबर जिना उतरली.

जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, "वहिनी, कधी येईल ती?"

"तिलाच विचारा."

"फोनवर तिला ऐकू येत नाही."

"मग समोर जाऊन बोला."

"काय बोलू?"

जन्मभर लोकांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस, आणि मला विचारतो काय बोलू! मी त्यांच्या चपला त्यांच्या पुढ्यात टाकल्या.