रेसच्या गाडीला फोडलेला नारळ

ऐंशीच्या दशकात मी तारापूरच्या एमआयडीसीत फिटर होतो आणि सरावलीला एका खोलीत भाड्याने राहत होतो. घर मुरब्याला, समुद्रकाठच्या कोळीवाड्यात. बाबा आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख. मी होडी सोडून कारखान्यात गेलो तेव्हा ते भांडले नाहीत, रुसले नाहीत. फक्त माझ्या जागेवर त्यांनी दुसरा खलाशी घेतला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोरगा येल परत." तीन वर्षं हेच. रागावलेला बाप एक वेळ परवडला, पण वाट बघणारा नको. घरी गेलो की मला जेवण गोड लागायचं नाही.

आमचा कारखाना केमिकल कंपन्यांसाठी फायबरच्या टाक्या बनवायचा. टाक्यांवर शेठचं पोट होतं, जीव मात्र मागच्या शेडमधल्या रेसच्या गाडीवर. वर्षातून एकदा ती ट्रकवर चढवून मद्रासकडे न्यायचे, तिथल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर पळवायचे आणि बहुतेक वेळा हरून हसत परत यायचे. तिला दार नाही, छप्पर नाही, बसायला एकच जागा, तीही आडवं झाल्यासारखी. तिचं लाल नाक मी केलं होतं. आधी साचा, मग त्यात काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन, असे थरावर थर. टाक्या करताना मी घड्याळाकडे बघायचो. ते नाक करताना जेवायचंही विसरलो होतो.

शेठकडे परदेशातून आणलेला एक खेळण्यातला रेसचा सेट होता. गाड्यांच्या टपांचे तुकडे झाले होते, मोटर तेवढी चांगली होती. "तुला काही जमलं तर बघ," म्हणून तो त्यांनी मला देऊन टाकला. उरलेल्या रेझिनमधून मी आमच्याच गाडीची वीतभर प्रतिकृती केली. तेच नाक, तोच लाल रंग. ट्रॅकच्या मधोमध एक खाच असते, गाडीखालची खुंटी त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांतून वीज येते. हातात एक बटण असतं, जेवढं दाबाल तेवढी गाडी पळते. वळणावर जास्त दाबलं तर उडून बाहेर.

तो सेट घेऊन मी मुरब्याला गेलो. मनात एकच होतं, मी काय करतो ते बाबांना दिसावं. नेहमीप्रमाणे गावात वीज नव्हती. बाबांनी एका शब्दाने काही न विचारता होडीच्या इंजिनाची बॅटरी उचलून आणली. ओटीवर ट्रॅक मांडला. शेजारपाजारचे जमले आणि ज्याने त्याने अंगठा जोरात दाबून गाडी आईच्या सुकटीच्या टोपलीत घातली. बाबांची पाळी आली. त्यांनी वळणाच्या बऱ्याच अलीकडे बटण सोडलं, गाडी आपल्या ओढीनं वळणातून गेली, मग पुन्हा दाबलं. दहा फेऱ्या मारल्या, एकदाही पडली नाही. जन्मभर खाडीच्या तोंडातून होडी आत घेणारा माणूस तो.

मी खूश होऊन म्हटलं, "बाबा, कशी हाय?"

"ब्येस हाय," ते म्हणाले. बटण खाली ठेवलं आणि पुढे म्हणाले, "पन ह्या पोरांच्या खेलासाटी जालं सोडलंस?"

मला राग आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "खरी गाडी बघायची तर दसऱ्याला कारखान्यात या."

मला वाटलं येणार नाहीत. पण दसरा पडतो भांगात. तेव्हा भरती-ओहोटीच्या पाण्याला जोर नसतो, त्या ओढीवर चालणाऱ्या डोल जाळ्याला काम नसतं, होड्या किनाऱ्यावर. दसऱ्याला बाबा धुतलेला सदरा घालून, काखेत नारळ घेऊन फाटकात हजर. आमच्याकडे दसऱ्याला मशिनींची पूजा असायची, कामगारांच्या घरची माणसं यायची, पेढे वाटले जायचे. मी बाबांना थेट मागच्या शेडमध्ये नेलं. झेंडूचा हार घातलेली ती लाल गाडी बघून ते थांबले. तिच्याभोवती एक फेरी मारली. नाकावरून हात फिरवला.

"ही तू केलीस?"

"नाक मी केलं. बाकी सगळ्यांनी मिळून."

बाबांचा चेहरा उजळला. असा चेहरा मी नवी होडी पाण्यात उतरताना पाहिला होता. आणि नव्या होडीला जे करायचं तेच त्यांनी केलं. हात जोडले, नारळ उचलला आणि गाडीच्या नाकावर मनापासून आपटला. आमची होडी सागवानी, तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, शंभर नारळ फुटले तरी टवका उडत नाही. इथे नारळ तर फुटलाच, नाकही फुटलं. "अरे चाचा, रुको!" असं आमचा वेल्डर ओरडला तेव्हा नारळाचं पाणी गाडीवरून ओघळत होतं.

शेठ धावत आले. त्यांनी भोकात हात घालून खोबऱ्याचा एक तुकडा बाहेर काढला, बाबांच्या हातात ठेवला आणि खो खो हसत सुटले. "तुमच्या मुलाने केलंय, तोच पुन्हा करेल. साचा आहे." पण बाबांना हसू येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना. म्हणाले, "ती नीट व्हस्तवर मी घरी जायाचा नाय."

खरंच राहिले. तीन दिवस सरावलीच्या माझ्या खोलीत झोपले आणि रोज माझ्याबरोबर कामावर आले. मी साच्याला मेण लावलं, मॅट कापली, रेझिन कालवलं. त्या वासाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हलले नाहीत. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून होडी बुजवणारे बाबा विचारत होते, यात पाणी शिरतं का, उन्हात तडकतं का, किती वर्षं टिकतं. तिसऱ्या दिवशी साच्यातून नवं नाक अख्खं सुटून आलं. मी पॉलिश पेपर हातात घेतला तर त्यांनी तो काढून घेतला आणि पाणी लावून स्वतः घासायला बसले. मी त्यांना सांगत होतो, हळू, कडेला हळू, आणि ते ऐकत होते. त्या तीन दिवसांत मी जितका सुखी होतो तितका त्या आधीच्या तीन वर्षांत झालो नव्हतो.

संध्याकाळी त्यांना एसटीवर सोडायला बोईसरला गेलो. भांग सरून उधाणाचं पाणी वाढायला लागलं होतं, आता होड्या निघणार. गाडी लागली, बाबा चढले, खिडकीशी बसले.

"उदानाला एक नवा मानूस घेतू," ते म्हणाले. "तुज्या जागेवर."

मी विचारलं, "मग इतके दिवस माझं जाळं कोण ओढायचं?"

"मीच," बाबा म्हणाले. "आता खांदा वर व्हत नाय."