होड्यांचा टेम्पोवाला

आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या आमच्या संभाजीनगरात शाळेनं मुलींचा कयाक संघ काढला आणि भूगोल शिकवते म्हणून मला त्याची प्रमुख केलं. वसंतभर त्या सहा अरुंद होड्या तलावावर नेणारा टेम्पोवाला मात्र स्वतःलाच प्रशिक्षक समजायचा. काठावर तंबाखू मळत तो ओरडायचा, "अगं, वल्हं मार! वरण ढवळायलीस का?" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, हिच्यापेक्षा आमची म्हैस फास्ट पोहती."

शर्यत पैठणच्या धरणावर होती. आमची एक मुलगी इतकी मागं पडली, की इकडे बक्षीस समारंभ सुरू झाला आणि संयोजकांची माणसं शेवटच्या रेषेची दोरी गुंडाळू लागली. हा गृहस्थ पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि दोरी धरून उभा राहिला.

"सोडा, शर्यत संपली."

"संपली कशी? आमची पोरगी यायली ना!"

ती पोचली तेव्हा टाळ्या वाजवणारा तो एकटाच. "लई येळ लावला बाई," हेही ऐकवलंच.

मी हे मंडपातून पाहत होते. पाहुण्यांना शाल देण्याच्या रांगेत माझा तिसरा नंबर होता, आणि तो मी सोडला नाही.