गोळ्या गावात, माणूस शहरात

"करू सही?" साहेबांनी पेनचं टोपण काढून विचारलं.

"पाच मिनिटं द्या, सर." हे मी तिसऱ्यांदा म्हणत होते.

टेबलावर एक्स-रे व्हॅनचा प्लॅन होता. ही व्हॅन वस्तीत जाऊन उभी राहते, लोकांच्या छातीचा फोटो काढते आणि टीबीचा संशय आला तर तिथेच थुंकीचा नमुना घेतला जातो. चंद्रपूरसाठी ती पंधराच दिवस मिळाली होती. कुठल्या वस्तीला किती दिवस, हे मांडून द्यायचं काम माझं. मी शहरी वस्त्यांसाठीच्या एका टीबी प्रकल्पात डेटा मॅनेजर. नियम सरळ होता. जिथे पेशंट जास्त, तिथे व्हॅन.

मी नकाशा रंगवून आणला होता. पेशंट जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा. रेल्वे सायडिंगच्या मागची वस्ती हिरवीगार होती. सायडिंग म्हणजे मालगाडीत कोळसा भरतात ती जागा. मागे पत्र्याच्या खोल्या, एकीला एक चिकटून, बहुतेकींना खिडकी नाही. पेशंट शून्य. नाल्याच्या अलीकडची वस्ती मात्र लाल.

"शून्य आहे म्हणजे चांगलंच आहे ना?" साहेब म्हणाले.

"सर, टीबी नाल्यापाशी थांबत नाही."

"मॅडम, नकाशा तुमचाच आहे."

ते खरंच होतं. साहेबांनी टोपण परत लावलं. "सोमवारी दहा वाजता सही करणार. तुमचा संशय मला प्लॅनमध्ये लिहिता येत नाही. आकडा आणा."

शुक्रवारची दुपार होती. मी जागेवर येऊन तीच शीट पुन्हा उघडली. फिल्टर लावले, काढले. शून्य ते शून्यच. उठून पाणी प्यायले, परत बसले. शेवटी त्या भागातल्या आशा वर्कर प्रमिलाबाईंना फोन लावला.

"सायडिंगमागे टीबीचा एकही पेशंट नाही का हो, बाई?"

"कोण म्हणते जी?"

"आपली यादी म्हणते."

"यादीत नाई, पण वस्तीत हायेत ना. मी दोनदा सांगितलं तुमच्या ऑफिसात. ते म्हणे, नाव यादीत नाई त आमी काय करू."

शनिवारी सकाळीच ऑटो करून गेले. प्रमिलाबाई सायडिंगच्या फाटकाजवळ उभ्या होत्या. बोलत बोलत त्या मला एका खोलीपाशी घेऊन गेल्या. दारात तिशीतली एक बाई तांदूळ निवडत बसली होती. नाव कुसुम. माहेर-सासर दोन्ही चिमूर तालुक्यातलं. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. तलावावर सगळ्यांचं पोट भरेना, म्हणून नवराबायको तीन वर्षांपासून इथे. नवरा सायडिंगवर कामाला, ती दोन घरची धुणीभांडी करायची. आत सासू झोपली होती. मी दारात उभी असेपर्यंत कुसुम चार वेळा खोकली.

"औषध घेता का?" मी विचारलं.

"घेत होती. आता नाई घेत."

"का सोडलं?"

"मी कुठी सोडलं? तुमीच बंद केलं." ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड घेऊन आली. "वाचा."

कार्डावर शिक्का आमचा होता. नोंदणी आमच्याच काउंटरवर झाली होती. पहिल्या महिन्याच्या गोळ्या दिल्याची खूण होती, पुढचे रकाने कोरे.

"दुसऱ्या महिन्यात गेली त काउंटरवरचा म्हणे, तुमच्या गोळ्या तुमच्या गावी गेल्या. आता मानूस इथी, गोळ्या तिथी. यष्टीनं जायचं त अख्खा दिवस जाते. एकडाव गेली मी. तिथची बाई सुट्टीवर. मंग नाई गेली."

टीबीचं औषध सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. मध्येच सुटलं तर आजार उलटतो, कधी कधी त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. त्या दारात उभं राहून मला ते सांगवेना.

काय झालं होतं ते एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये "पत्ता" असा एकच रकाना होता. ऑपरेटर समोरचं आधार कार्ड बघून तो भरायचा. आधारवर गावचा पत्ता. सॉफ्टवेअर पत्ता बघतं आणि पेशंट त्या गावच्या आरोग्य केंद्राकडे पाठवून देतं. मी तिथूनच त्या गावच्या आशाताईंना फोन केला.

"कुसुम? हो, नाव आलं होतं जी. दोनदा घरी गेली मी. कुलूप. मंग लिहून टाकलं, पत्त्यावर आढळली नाही."

म्हणजे गावाच्या हिशेबी ती हरवलेली आणि शहराच्या हिशेबी ती नव्हतीच. बारा बाय दहाच्या खोलीत सासूसोबत ती खोकत होती.

"अशा अजून किती असतील?" मी प्रमिलाबाईंना विचारलं.

"इथी सारेच गावचे हायेत, मॅडम. कोणी चिमूरचा, कोणी सिंदेवाहीचा, कोणी गडचिरोलीकडचा. राह्यता कुठी विचारलं त गावच सांगतात. रात्री झोपले कुठी, ते विचारा."

रविवारी ऑफिस उघडून बसले. आमच्या काउंटरवर नोंदलेले, पण बाहेरगावी पाठवलेले आणि तिथे "आढळले नाही" असा शेरा पडलेले सगळे पेशंट वेगळे काढले. दोन पानं भरली. मग एकेकाला फोन. काही बंद, काही चुकीचे. उचलला की मी एकच विचारायचे, "काल रात्री कुठे झोपलात?"

"सायडिंगमागे." "फाटकाच्या तिकडे." "सायडिंगवर, भावाकडे."

मी लाल पेनाने खुणा करत होते. हात भरभर चालला होता, आणि खरं सांगते, आपलं बरोबर निघतंय याचा मला आनंदही होत होता. मग एक फोन एका बाईने उचलला. मी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं.

"आता काऊन विचारता बाई?" ती म्हणाली. "ते गेले ना. पोळ्याच्या आधीच गेले."

शीटमध्ये त्या माणसापुढेही "आढळले नाही" असंच लिहिलेलं होतं. मी काहीतरी पुटपुटले. तिनेच फोन ठेवला. मी उठले. गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. मग परत बसले, कारण पान अजून संपलं नव्हतं.

सोमवारी पावणेदहालाच नवा नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला. सायडिंगमागची वस्ती शहरात सगळ्यात लाल होती. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"हे आधी दिसायला हवं होतं."

"हो सर. तो फॉर्म मीच तपासून पास केला होता."

त्यांनी जुना कागद बाजूला सारला. मला वाटतं, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "चार दिवस द्या तिथे," ते म्हणाले. "कुठून काढता?"

नाल्याअलीकडच्या वस्तीचे दोन काढले, आणखी दोन वस्त्यांचा एकेक. तासाभरात एका वस्तीच्या पुढाऱ्याचा फोन आला. "आमचा दिवस काऊन कापला? आमी मानसं नाई का?" त्याचंही चूक नव्हतं. त्याला द्यायला माझ्याकडे दुसरी व्हॅन नव्हती आणि सोळावा दिवसही नव्हता.

व्हॅन फाटकाच्या आत जाईना, म्हणून पहिला दिवस रस्ता मोकळा करण्यातच अर्धा गेला. पुढचे तीन दिवस रांग हटली नाही. प्रमिलाबाई घराघरातून माणसं उठवून आणत होत्या. कुसुमची पुन्हा तपासणी झाली. गोळ्यांना आजार अजून दाद देत होता. तिचं औषध पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी प्रमिलाबाईंच्या हातून. सासूच्या फोटोत डाग निघाला. नवरा साफ. नवे पेशंटही निघाले, जे कुठल्याच यादीत कधी नव्हते.

कुसुमचा कोर्स पूर्ण झाला. सासूचा चालू आहे. नवरा गेल्याचं जिने फोनवर सांगितलं होतं, तिची आणि तिच्या घरच्यांची तपासणी झाली, सगळे ठीक निघाले. ती व्हॅनपाशी आली तेव्हा मी तिथेच होते. मी कोण ते तिला सांगितलं नाही. अजून ते मनात राहिलं आहे.

आमच्या कागदी फॉर्ममध्ये आता आणखी एक रकाना आहे: "काल रात्री कुठे झोपलात?" सॉफ्टवेअरमध्ये तो नाही. बदलासाठी विनंती केली होती, ती नोंदवून घेतल्याचं उत्तर आलं. तोवर दर महिन्याला मी हाताने जुळवणी करते. काउंटरवर नवीन ऑपरेटर आला की तो त्या रकान्यात "घरी" असं लिहितो. मग मी कागद घेऊन वस्तीत जाते आणि नावं पडताळून येते. रिपोर्टमध्ये त्याला फील्ड व्हेरिफिकेशन म्हणतात. मी जाते ती माझी पुढची चूक शोधायला. ती ऑफिसात बसून सापडत नाही, एवढं या नोकरीत शिकले.