भरलेला तांब्या

“तांब्या रिकामाच आण. पाणी प्याल्यागत मी करतो. लोकास्नी काय कळतंय?” सर चालत्या गाडीत सगळ्यांदेखत मला म्हणाले. डबा खदाखदा हसला.

आमची नाटकमंडळी जयसिंगपूरहून पॅसेंजरनं कोल्हापूरला स्पर्धेला निघाली होती. सर दिग्दर्शक, आणि नाटकात माझे सासरे. शेतातून दमून आलेल्या सासऱ्याला सून पाणी देते, तो पितो, ती पाया पडते, पडदा. चांगल्या घरच्या पोरींना घरचे नाटकात पाठवेनात, म्हणून महारवाड्यातली मी सून झाले. सून म्हणून चालले. माझ्या हातचं पाणी मात्र चालेना.

संस्थानच्या काळातलं ते नाट्यगृह मी पहिल्यांदाच बघत होते. केवढं ते! आत एक खांब नाही. रिकाम्या मंचावर उभी राहून हळूच एक वाक्य बोलले, तर पार मागं झाडलोट करणारी बाई वळून बघायला लागली. माझा आवाज इतक्या लांब जातो, हे मला ठाऊकच नव्हतं. फार बरं वाटलं. वाटलं, एवढ्या लोकांसमोर तरी सर पितील.

विंगेमागच्या नळावर मी तांब्या भरला. काठोकाठ.

प्रवेश आला. सरांनी तांब्या घेतला आणि त्यांना वजन कळलं. लोकांकडं पाठ करून, दात आवळून म्हणाले, “माजलीस व्हय गं?”

मी मोठ्यानं म्हणाले, “मामंजी, पाणी प्या की. तान लागली आसंल.”

सरांनी तांब्या उचलला. माझ्या डोळ्यांत बघत सगळं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं. सावकाश, पाय चोळून धुतले. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ज्यांना साक्षीला धरलं, तेच टाळ्या पिटत होते.

आता त्या ओल्या पायांवर मी डोकं ठेवायचं होतं.

“वाक,” सर पुटपुटले.

“न्हाई वाकत.” हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. पडदेवाल्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि पडदा सोडला.

परतीच्या गाडीत सगळे माझ्यापासून लांब सरकून बसले. सरांनी मला मंडळीतून काढलं. काढू देत. मी माझी नाटकं बसवणार, त्याच मंचावर आणणार. माझ्याकडं काम मागायला येईल त्यानं आधी माझ्या हातचं पाणी प्यायचं. चारचौघांत, घटाघटा. ज्याच्या घशाखाली उतरणार नाही, त्यानं आल्या पावली परत जायचं.