मोडक्या करंडीची भेट

टोपल्या विणायला आपण कधी शिकलो, ते लामिसीला आठवत नाही. बोल्गाटांगाजवळच्या तिच्या न्यारिगा गावात पोरी चालायला शिकतात तशाच विणायला शिकतात. गवताची काडी दातांनी चिरायची, भिजवायची, तळहातांवर वळायची, आणि कडुनिंबाखाली बायकांत बसून जगाची उणीदुणी काढत टोपली चढवत न्यायची. तिच्या हातच्या टोपल्या विमानात बसून कुठे कुठे जाऊन आल्या. ती स्वतः मात्र घानाबाहेर कधी पडली नव्हती.

मग लेक असिबी बाळंत झाली. असिबी नर्स. नोकरीसाठी रवांडात गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून किगालीत राहिली. तिने आईला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी सगळ्या बायकांदेखत तालाता म्हणाली, "जा बाई. येताना कसल्यातरी मण्यांच्या माळा आणशील, नि आम्ही वा वा म्हणायचं."

तालाता म्हणजे बालमैत्रीण. लामिसीची वीण तिने नाक मुरडल्याशिवाय कधी हातात घेतली नव्हती.

"असं आणीन, की आठवडाभर तुझं तोंड उघडणार नाही," लामिसी म्हणाली.

"माझ्या नवऱ्याला जमलं नाही ते तुला जमणार?"

कडुनिंबाखाली हशा पिकला. लामिसीने मात्र तो शब्द मनाशी गाठ मारून ठेवला.

किगालीत नात केझा अंगाखांद्यावर खेळू लागली, पण लामिसीचं अर्धं लक्ष बाजारात. किमिरोंकोच्या बाजारात ती असिबीला घेऊन पुन्हा पुन्हा जाई. शिंगाचे कंगवे पाहिले, लाकडी गायी पाहिल्या, कापडं पाहिली. प्रत्येक वस्तूवर तिला तालाताचं मुरडलेलं नाक दिसायचं. शिवाय ती भाव करायची तो गावच्या पद्धतीने, म्हणजे चार दुकानांपलीकडे ऐकू जाईल असा.

"आई, हळू बोल. इथे लोक कुजबुजत भाव करतात."

"कुजबुजत चोऱ्या करतात, भाव नाही."

आणि मग एका कोपऱ्यात मुकान्दोली नावाच्या बाईच्या दुकानात तिला ती दिसली. निमुळत्या झाकणाची उंच करंडी, पांढऱ्यावर काळी नागमोडी नक्षी. लामिसीने ती उलटीपालटी केली, बोटांनी चाचपली. आत एकही उभी काडी नाही, तरी भिंत ताठ. हे उभं राहतं कशावर? तिचे कान गरम झाले. आयुष्यभर टोपल्या विणल्या, आणि ही काही केल्या उलगडत नव्हती. तिने भावसुद्धा न करता ती घेतली. असिबी आईच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहू लागली.

निघायचा दिवस आला. विमान संध्याकाळचं. दुपारी सामान भरताना असं झालं, की करंडी काही पिशवीत मावेना. यात काय मोठंसं, असं लामिसीला वाटलं. बोल्गाची टोपली लांब पाठवायची तर पाणी शिंपडून चपटी दाबायची, पोत्यात भरायची. पोचली की पुन्हा पाणी, दोन थापट्या, झाली गोल. तिने करंडीवर पाणी शिंपडलं, जमिनीवर आडवी ठेवली आणि त्यावर गुडघा रोवला.

कट्ट असा आवाज झाला.

असिबी धावत आली. करंडीची कूस फाटली होती, आतून गवत बाहेर आलं होतं. लामिसी तिथेच बसून राहिली.

"अगं, ही दुमडत नाही आई."

"टोपली आणि दुमडत नाही? मग ती कसली टोपली? आता तालाताला काय दाखवू? माझा गुडघा?"

असिबीने केझाला पाठीशी बांधलं आणि दोन मोटरसायकलवाले थांबवले. लामिसी जन्मात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसली, डोक्यावर हेल्मेट, पोटाशी मोडकी करंडी. किगालीच्या उतारावर गाडी सुटली तेव्हा ती मोठ्याने देवाचं नाव घेत होती, पण उतरताना म्हणाली, "परत जाताना पण हीच."

मुकान्दोलीने करंडी पाहिली. शांतपणे काहीतरी विचारलं. असिबी हसू दाबत म्हणाली, "ती विचारतेय, कुठली गाय बसली हिच्यावर?"

"सांग, घानाची."

मुकान्दोली तोंडावर हात धरून हसली आणि तशीच दुसरी करंडी काढून पुढे केली. लामिसीने हात पुढे केला, आणि तो मध्येच थांबला. तिची नजर मोडकीच्या फाटक्या कुशीवर होती. आत गवताची जुडी, तिच्याभोवती घायपाताचा दोरा, आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला टाक्याने शिवलेला. विणलेली नव्हतीच ती, शिवलेली होती.

"असिबी, हिला विचार, सुई कुठली?"

मुकान्दोलीने दाभण दाखवलं. मग जुडी धरली, चार टाके घातले, आणि दाभण लामिसीच्या हातात दिलं. लामिसीचा पहिला टाका वाकडा गेला. मुकान्दोलीने तिच्या बोटांवर चापटी मारली. दुसरा सरळ आला. घड्याळाकडे एकटी असिबीच बघत होती.

"गावच्या बायकांना हीच भेट नेते, मोडकी," लामिसी म्हणाली.

मुकान्दोलीचा चेहरा पडला. "माझ्या हातची फुटकी वस्तू भेट म्हणून जाणार? लोक मला काय म्हणतील?"

"सांग तिला, चांगली नेली तर बायका फळीवर ठेवतील. ही उघडून बघतील."

मुकान्दोलीने नव्या करंडीचं बूड सुरू केलं, तळहाताएवढं झाल्यावर दाभण त्यातच टोचून ठेवलं, घायपाताची एक लड वर ठेवली आणि सगळं लामिसीच्या ओटीत घातलं. "बाकीची तुझ्या बायकांना पुरी करू दे."

न्यारिगात कडुनिंबाखाली गठुडं सोडलं, तर तालाताच पुढे. "एवढ्या लांब गेलीस, नि फुटकी आणलीस?"

तालाताने करंडी उचलली, नाक मुरडलं, फाटक्या कुशीत एक बोट घातलं. मग दुसरं. मग करंडी मांडीवर घेऊन खाली बसली. बायका तिच्याभोवती दाटल्या, कुणी ढकललं तरी तिने मान वर केली नाही.

बऱ्याच वेळाने तिने एवढंच विचारलं, "हे शिवलं ते दाभण कुठाय?"